रेचल ब्लॅकमोरची हौशी वर्षं

10 एप्रिल 2021 रोजी लिव्हरपूलजवळच्या ऐन्ट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल झाली. चाळीस घोडे, तीस उड्या आणि सव्वाचार मैलांहून थोडं जास्त अंतर. पहिला आला ‘मिनेला टाइम्स’. कोविडमुळे स्टँड रिकामे होते, त्यामुळे टाळ्याही मोजक्याच पडल्या. पण 1839 पासून चालत आलेल्या या रेसमध्ये पहिल्यांदाच जिंकलेल्या घोड्यावर एक स्त्री बसलेली होती. रेचल ब्लॅकमोर तेव्हा एकतीस वर्षांची होती. त्याच्या महिनाभर आधी चेल्टनहॅमच्या महोत्सवात तिनं सहा रेस जिंकल्या होत्या आणि त्यात ‘हनीसकल’ या घोडीवरची चॅम्पियन हर्डलही होती. पुढच्या वर्षी ‘अ प्लू तार’वर तिनं चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला, आणि मे 2025 मध्ये ती निवृत्त झाली.

हे सगळं जगभरच्या वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. मला ओढ आहे ती 2011 ते 2015 या चार वर्षांची. त्या काळात ती हौशी रायडर होती. पैसे न घेता रेस पळत होती, आणि निकालात तिचं नाव वरच्या ओळीत क्वचितच दिसायचं. पुढं जे घडलं त्याचा पाया मात्र याच वर्षांत घातला गेला, असं मला ठामपणे वाटतं. तो समजायचा तर आयर्लंडमधलं हौशी रेसिंग काय चीज आहे, हे आधी पाहायला हवं.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण पाहतो ती सपाट रेस. तिथं कोवळे, वेगवान घोडे आणि पन्नास-पंचावन्न किलोंचे जॉकी असतात आणि खेळ दीड-दोन मिनिटांत आटोपतो. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत जीव की प्राण आहे ती उड्यांची रेस. तिचे दोन प्रकार. हर्डलमध्ये अडथळे ठेंगणे आणि थोडे लवते असतात, तर चेसमध्ये साडेचार फुटांच्या आसपास उंच, दाट आणि भरीव असतात. मोसम हिवाळ्याचा, जमीन चिखलाची आणि अंतर दोन ते चार मैलांचं. घोडे सात-आठ-नऊ वर्षांचे झाले की खरे रंगात येतात. पाठीवरचं वजन सत्तर किलोंच्या आगेमागे असतं, त्यामुळे साध्या बांध्याच्या माणसालाही इथं घोड्यावर बसता येतं. शेतकऱ्याचा मुलगा, पशुवैद्य, कॉलेजातली मुलगी असे सगळे या रेसिंगमध्ये उतरू शकतात याचं एक कारण हे वजनच आहे.

या प्रकाराचा उगम सांगताना कॉर्क परगण्यातली 1752 मधली एक पैज सांगितली जाते. कॉर्नेलियस ओ’कॅलॅहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनेरेलच्या चर्चपर्यंत घोडे फेकले. मध्ये साडेचार मैलांची शेतं, दगडी बांध, चर आणि कुंपणं. चर्चचा उंच मनोरा लांबूनही दिसतो, तेव्हा त्यावर नजर ठेवायची आणि वाटेत येईल ते ओलांडायचं. आजच्या ‘पॉइंट टू पॉइंट’ रेसची परंपरा तिथवर नेऊन जोडतात.

पॉइंट टू पॉइंट हा आयर्लंडमधल्या हौशी रेसिंगचा कणा आहे. ही रेस कायमच्या रेसकोर्सवर होत नाही. गावातल्या शेतकऱ्यानं एका रविवारापुरती मोकळी करून दिलेली कुरणं, त्यात आखलेला ट्रॅक आणि त्यावर उभारलेले अडथळे एवढ्यावर ती उभी राहते. आयोजन परिसरातला हंट, म्हणजे शिकारी कुत्र्यांचा कळप आणि घोडेस्वार बाळगणारी मंडळी, करतो. प्रेक्षक चिखलात बूट रुतवून दोरीच्या अलीकडे उभे राहतात, बुकी खोक्यावर चढून भाव पुकारतात, आणि तंबूत चहाबरोबर सँडविच मिळतं. रेस बहुधा तीन मैलांची. सगळे रायडर हौशी, त्यांना जिंकल्याचे पैसे नाहीत. इथं व्यावसायिक जॉकीला बसताच येत नाही.

पण हौशी आहेत ते रायडर. घोड्यांचा हिशेब वेगळा आहे. चार वर्षांच्या, अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांची रेस म्हणजे आयर्लंडमधली मोठी बाजारपेठ आहे. एका रविवारी कुरणात चांगला पळालेला घोडा काही दिवसांत लिलावात लाख-दोन लाख पौंडांना जाऊ शकतो. टिपरेरी परगण्यातल्या क्लॉनमेल गावात हॉटेल मिनेला चालवणारे जॉन नॅलन हे या व्यवहारातले जाणते गृहस्थ, आणि ज्यांच्या नावात ‘मिनेला’ येतं ते घोडे त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. म्हणजे पगार न घेणाऱ्या पोराच्या मांडीखाली लाखमोलाचा जीव असतो, आणि तो जीव लोकांच्या नजरेत कसा भरतो हे त्या पोराच्या हातावर अवलंबून असतं. हौशी या शब्दावरून वाटते तितकी ही जबाबदारी हलकी नाही.

हौशी रायडरची दुसरी शाळा म्हणजे बंपर. ही रेस अधिकृत रेसकोर्सवर होते, साधारण दोन मैलांची असते आणि तिच्यात उड्या नसतात. पुढं उड्या मारायच्या घोड्यांना गर्दीत पळण्याची सवय व्हावी म्हणून ती ठेवलेली आहे. आयर्लंडमध्ये दिवसाच्या कार्यक्रमातली शेवटची रेस बहुतेक वेळा हीच असते आणि ती मुख्यतः हौशींसाठी राखलेली असते. मोठे ट्रेनर आपले सर्वांत होतकरू घोडे आधी इथं उतरवतात. आज जगातले सर्वांत यशस्वी जंप ट्रेनर मानले जाणारे विली मलिन्स स्वतः हौशी रायडर होते. 1996 मध्ये चेल्टनहॅमची चॅम्पियन बंपर त्यांनी स्वतःच तयार केलेल्या ‘विदर ऑर विच’ या घोड्यावर बसून जिंकली होती.

आपल्याकडे नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी मंडळी आणि व्यावसायिक रंगभूमी यांचं जे नातं, ते इथल्या हौशी आणि धंदेवाईक जॉकींच्या नात्याला बरंच जवळचं आहे. काहीजण हौशी राहूनच मोठे होतात. विलींचा मुलगा पॅट्रिक यानं 2012 मध्ये वर्षभरात 74 रेस जिंकून हौशी रायडरचा 1915 पासूनचा विक्रम मोडला. तो आजही हौशीच आहे, आणि 2025 ची ग्रँड नॅशनल त्यानं ‘निक रॉकेट’वर जिंकली. डेरेक ओ’कॉनर याच्या नावावर पॉइंट टू पॉइंटमधले हजारावर विजय आहेत. नीना कारबेरीनं 2011 ची आयरिश ग्रँड नॅशनल जिंकली, केटी वॉल्शनं 2015 ची. या दोघी अखेरपर्यंत हौशी राहिल्या.

ही नावं पाहिली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. नीना ही टॉमी कारबेरी यांची मुलगी, आणि टॉमींनी 1975 ची ग्रँड नॅशनल जिंकली होती. केटी ही अकरा वेळा हौशी चॅम्पियन ठरलेल्या टेड वॉल्श यांची मुलगी. पॅट्रिक कुणाचा मुलगा ते वर आलंच आहे. गुण त्यांच्यात होतेच, त्यात शंका नाही. पण गुण दिसायला घोडा लागतो, आणि त्यांना तो घरच्या तबेल्यातच मिळत होता.

रेचलच्या घरी गाई होत्या.

टिपरेरीतलं किलेनॉल हे तिचं गाव. वडील दूधधंदा करणारे शेतकरी, आई शिक्षिका. घरात पोनी होते, आसपास हंट होता, आणि त्या भागातली मुलं सायकल शिकावी तशी घोड्यावर बसायला शिकतात. आयर्लंडमध्ये लहान मुलांच्या पोनी रेस होतात, कधी कुरणात, कधी ओहोटीच्या वेळी समुद्रकिनाऱ्यावर. तेरा वर्षांच्या रेचलनं अशाच एका रेसमध्ये कॉर्कच्या एका पोराला हरवलं होतं. तो पोरगा म्हणजे पॉल टाउनेंड, जो पुढं आयर्लंडचा चॅम्पियन जॉकी झाला. हा किस्सा आज सगळे सांगतात, पण त्या वेळी त्यावरून कुणी काही भाकीत केलं नव्हतं. तिला पशुवैद्य व्हायचं होतं. ते जमलं नाही, तेव्हा तिनं लिमरिक विद्यापीठातून अश्वविज्ञानाची पदवी घेतली. शिकता शिकता सकाळी ट्रेनरांकडे घोडे फिरवायचे आणि रविवारी कुठं बसायला मिळालं तर पॉइंट टू पॉइंटला जायचं, असं चाललं होतं.

10 फेब्रुवारी 2011, गुरुवार. किलेनॉलपासून जवळच्या थर्ल्स रेसकोर्सवर महिला रायडरांसाठीची एक हँडिकॅप हर्डल होती, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवरचं वजन ठरवलेली. ‘स्टोअवे पर्ल’ या घोडीवर बसून रेचलनं ती जिंकली. रेसकोर्सवरचा हा तिचा पहिला विजय. घोडी होती कार्लो परगण्यातले ट्रेनर जॉन जोसेफ हॅनलन यांची. उंचापुरा, लाल केसांचा हा माणूस ‘शार्क’ याच नावानं सगळीकडे ओळखला जातो. घोड्यांत येण्याआधी गुरांचा व्यापार केलेला, मोठ्या नावाच्या तबेल्यांच्या पंक्तीत न बसणारा हा ट्रेनर. रेचलच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो जितक्यांदा सांगावा तितका थोडा.

या विजयानंतर चित्र पालटलं का? नाही. पुढची चार वर्षं ती हौशीच राहिली. वर्षाकाठी मोजके विजय, मधे लांबलांब कोरड्या जागा. बंपर पळायची तर समोर पॅट्रिक मलिन्स, जेमी कॉड, नीना, केटी. आयर्लंडनं एका वेळी इतके पक्के हौशी क्वचितच पाहिले असतील. चांगला घोडा तयार करणारा ट्रेनर त्यांच्याकडे जाणार, हे उघडच होतं. रेचलच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं.

उरलंसुरलं म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. रेसआधी रायडर खोगीर हातावर घेऊन वजनकाट्यावर बसतो. अंगाचं, कपड्यांचं आणि खोगिराचं वजन मिळून ठरलेला आकडा भरावा लागतो. हलक्या अंगाच्या रायडरचा काटा कमी भरला, तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सारतात. शिसं घोड्याला अजिबात मदत करत नाही, नुसतं बसून राहतं. अंगाचं वजन रायडरला पुढंमागं हलवता येतं, शिशाचं येत नाही. असा घोडा घेऊन सुरुवातीच्या फितीपाशी जायचं. तो आधीच्या दोन रेसमध्ये पडलेला असू शकतो, तोंडाचा कडक असू शकतो, किंवा चिखल उडून डोळ्यांत गेला की मान फिरवणाराही असू शकतो.

मग खरी परीक्षा सुरू होते. भर वेगातला घोडा एका ढांगेत सात मीटरच्या आसपास जमीन घेतो. अडथळा समोर आला की चार-पाच ढांगा आधीच रायडरला दिसावं लागतं की शेवटची ढांग कुठं पडणार आहे. फार दूर पडणार असेल तर लांब उडी मागायची की लगाम जरा आवरून मधे एक आखूड पाऊल घालायला लावायचं, हा निर्णय सेकंदभरात होतो. अननुभवी रायडर इथं हात जास्त चालवतो, घोड्याची मान वर येते आणि पुढचे पाय अडथळ्यात जातात. रेचलच्या नंतरच्या रेस पाहणाऱ्यांनी जी गोष्ट पुन्हा पुन्हा नोंदवली ती म्हणजे तिचा शांतपणा. अडथळ्यापाशी ती फारशी हलायची नाही, घोड्याला त्याचा तोल सापडू द्यायची, आणि घोडे तिच्यासाठी आपणहून उडी मारायचे. ही शांतता बक्षिसाच्या घोड्यांवर शिकता येत नाही, असं मला वाटतं. चांगला घोडा रायडरच्या चुका पोटात घालतो. वाईट घोडा प्रत्येक चूक तिथल्या तिथं दाखवतो. चार वर्षं तिला दाखवणारेच घोडे जास्त मिळाले.

हौशी रेसिंगचं मोठं देणं मला इथं दिसतं. माणसाला बराच काळ सामान्य राहायची मुभा ते देतं. धंद्यात पडलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या जॉकीला एवढे कमी विजय परवडत नाहीत. पोटाचा प्रश्न येतो, ट्रेनर विसरतात, आणि तो दुसरं काम शोधतो. हौशीला दुसरं काम असतंच. तो पुढच्या रविवारी पुन्हा येऊ शकतो.

निकालाच्या पानावरून होतकरूपणा ओळखायचा झाला तर काय होतं, याचा एक दाखला घोड्यांतला आहे. 1999 मध्ये गॉलवे परगण्यातल्या ट्यूम इथं पॉइंट टू पॉइंटला इंग्रज ट्रेनर हेन्रिएटा नाइट यांनी एक तरुण घोडा पाहिला. त्या दिवशी त्यानं रेस पुरीदेखील केली नाही, रायडरनं त्याला मधेच थांबवलं. नाइट बाईंना तरीही तो घोडा हवा होता, कारण त्याची चाल आणि उभं राहणं त्यांच्या मनात भरलं होतं. तो होता ‘बेस्ट मेट’. 2002, 2003 आणि 2004 असे सलग तीन गोल्ड कप त्यानं जिंकले. अशी नजर असलेली माणसं प्रत्येक खेळात थोडी असतात. रेचलच्या बाबतीत ती नजर शार्क हॅनलन यांची होती.

या वर्षांची दुसरी बाजूही आहे, आणि ती न सांगणं बरोबर होणार नाही. पैसे नसले तरी जोखीम पुरेपूर असते. मार्च 2013 मध्ये चेल्टनहॅमला किम म्यूर या हौशी रायडरांच्याच रेसमध्ये जॉन थॉमस मॅकनमारा ‘गॅलक्सी रॉक’वरून पडला. पॉइंट टू पॉइंटमध्ये सहाशेवर विजय असलेला, लिमरिकचा हा रायडर आयर्लंडच्या सर्वोत्तम हौशींपैकी एक होता. त्याच्या मानेच्या मणक्याला इजा झाली, सर्वांग लुळं पडलं, आणि जुलै 2016 मध्ये तो गेला. आयर्लंडमध्ये त्याला सगळे जे. टी. म्हणत, आणि त्याचं नाव निघालं की अजूनही माणसं गप्प होतात. रेचल त्याच वर्षांत, तशाच अडथळ्यांवरून, पदरी मोठं यश नसताना जात होती. हौस शब्दात किती वजन मावतं, ते इथं कळतं.

मार्च 2015 मध्ये तिनं व्यावसायिक परवाना घेतला. वय पंचवीस. त्या वयात बहुतेक जॉकी सात-आठ वर्षं धंद्यात मुरलेले असतात. कल्पना शार्क यांची होती. त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. हौशींच्या रेसमध्ये वर सांगितलेली मोठी नावं ठाण मांडून होती. व्यावसायिक झाली तर ती ‘कंडिशनल’ म्हणजे शिकाऊ जॉकी ठरणार, आणि शिकाऊ जॉकीला वजनात सवलत मिळते. आधी सात पौंड, विजय वाढतील तशी पाच, मग तीन. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलोंच्या आत. उड्यांच्या रेसमध्ये एक पौंड म्हणजे साधारण घोड्याची एक लांबी असं मानतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, लहान बक्षिसाच्या हँडिकॅपमध्ये सवलतीसह बसणारी आणि चार वर्षं चिखलात मुरलेली रायडर ट्रेनरला हवीशी वाटणार, हे शार्क यांनी ओळखलं होतं. आणि नुसती कल्पना देऊन ते थांबले नाहीत, घोडेही दिले.

आयर्लंडमध्ये तोवर उड्यांच्या रेसची व्यावसायिक महिला जॉकी जवळपास नव्हतीच. 1980 च्या दशकात मारिया कलन होऊन गेली, त्यानंतर कुणीही परवाना घेतला नव्हता. नीना आणि केटी यांनी हौशी राहून आपलं नाव केलं होतं, आणि हौशी राहणं हीच बाईसाठी शहाणपणाची वाट आहे असा समज पक्का होता. तो अगदी चूकही नव्हता, कारण त्या दोघींना हौशी म्हणून जे घोडे मिळत, ते व्यावसायिक झाल्यावर मिळालेच असते असं नाही. रेचलकडे मात्र गमावण्यासारखे घोडेच नव्हते.

परवाना घेतल्यावरही दार लगेच उघडलं नाही. एप्रिल गेला, उन्हाळा गेला. व्यावसायिक म्हणून पहिला विजय यायला सप्टेंबर 2015 उजाडला. रेसकोर्स क्लॉनमेलचं, घोडा ‘मोस्ट ऑनरेबल’, ट्रेनर अर्थात शार्क. त्यानंतर मात्र आकडे सरकू लागले. इतर लहान ट्रेनर फोन करू लागले. 2016–17 च्या मोसमात ती आयर्लंडची कंडिशनल चॅम्पियन झाली. आधी कुठल्याही स्त्रीला हा किताब मिळाला नव्हता.

विजय वाढले की वजनाची सवलत जाते, आणि सवलत गेली की पुष्कळ शिकाऊ जॉकींचे फोन वाजायचे थांबतात. हा टप्पा चांगल्याचांगल्यांना खाली ओढतो. रेचल त्यातून निभावली, आणि त्यात नशिबाचाही थोडा हात होता. 2018 मध्ये ऐन्ट्रीच्या रेसला जाताना गिगिन्सटाउन या मोठ्या मालकी संस्थेचे एडी ओ’लिअरी आणि वॉटरफर्ड परगण्यातले ट्रेनर हेन्री डी ब्रॉमहेड एका टॅक्सीत होते. घोड्यांवर कुणाला बसवायचं याचं बोलणं निघालं आणि ओ’लिअरींनी रेचलचं नाव सुचवलं. त्या वर्षीपासून डी ब्रॉमहेड यांच्या नॉकीनच्या तबेल्यातले घोडे तिला मिळू लागले. 2018–19 चा मोसम संपला तेव्हा आयर्लंडच्या जॉकींच्या यादीत ती दुसरी होती, पहिल्या जागेवर पॉल टाउनेंड होता. त्याच मोसमात, मार्च 2019 मध्ये, चेल्टनहॅमच्या महोत्सवातला तिचा पहिला विजय ‘अ प्लू तार’वर आला. त्याच आठवड्यात ‘मिनेला इंडो’वर, पन्नासास एक भाव असताना, तिनं पहिली ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची, रेस जिंकली. त्या दोन्ही घोड्यांनी पुढं गोल्ड कप जिंकले.